सोन्यावर झोपलेला ड्रॅगन आणि आपण



बुधवारची दुपार, चहाची वेळ, आणि न कळवता एकामागून एक तेरा पाहुणे दारात. वर त्यांना घेऊन येणारा एक म्हातारा जादूगार. कुणाला कॉफी हवी, कुणाला केक, कुणाला मुरांबा. बघता बघता कोठीघर रिकामं. बिचारा यजमान ताटल्या घेऊन आत-बाहेर पळतोय, आणि आपल्यालाच पुरेल की नाही या काळजीत आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांचं ‘द हॉबिट’ असं सुरू होतं. परीकथा म्हणून हातात घ्यावं, तर पहिल्याच प्रकरणात आपल्या घरचा लग्नाचा आदला दिवस! (भांडी मात्र पाहुण्यांनीच घासली, तीही गाणं म्हणत, यजमानाचा जीव टांगणीला लावून. एवढं सुख आपल्या नशिबी नाही.)

हे पुस्तक म्हटलं की वाचणाऱ्यांचे डोळे का चमकतात, आणि आपल्या घरात ते यावं की नाही, यावर आज लिहायचं आहे. आपल्या स्वाध्यायाच्या गटात यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, पाठशाळेत जाणाऱ्या मुलांच्या हातात मांस भाजणारे राक्षस, दारू आणि लढाया असलेलं पुस्तक कशाला? दुसरा म्हणतो, अहो, मुलं मोबाईल खाली ठेवून वाचतायत हेच पुष्कळ. मला दुसऱ्या गटाचं उत्तर पुरेसं वाटत नाही. मोबाईल सुटतो म्हणून काहीही चालेल, असं थोडंच आहे? पण हे पुस्तक मी पूर्ण वाचलं आहे, नातीबरोबर पुन्हा वाचते आहे, आणि माझं मत ते घरात यावं असंच आहे. कारण सांगते.

आधी थोडा इतिहास. टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. परीक्षेचे पेपर तपासताना एका मुलाने कोरं सोडलेलं पान त्यांना मिळालं, आणि त्यावर त्यांनी सहज एक वाक्य लिहिलं, की जमिनीतल्या बिळात एक हॉबिट राहत होता. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे हस्तलिखित प्रकाशकाकडे गेलं, तेव्हा त्याने ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं. मुलाने अभिप्राय लिहून एक शिलिंग कमावला आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे आवडेल असं सांगितलं. स्वतः दहाचा, म्हणजे मोठा झालेला! २१ सप्टेंबर १९३७ रोजी पुस्तक बाजारात आलं. पहिल्या छपाईच्या १,५०० प्रती डिसेंबरपर्यंत संपल्या. वाचक आणखी मागू लागले, म्हणून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहायला घेतलं, आणि ते यायला १९५४ उजाडलं. आज जगभरचे वाचक २२ सप्टेंबरला हॉबिटचा वाढदिवस साजरा करतात. मराठीतही मीना किणीकर यांचा अनुवाद आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. स्माउग नावाच्या ड्रॅगनने बुटक्या लोकांचा डोंगर आणि त्यातलं सगळं सोनं बळकावलंय. ते परत मिळवायला तेरा बुटके निघतात आणि बिल्बो बॅगिन्स नावाच्या पन्नाशीच्या, घरकोंबड्या, खाऊनपिऊन सुखी हॉबिटला ‘चोर’ म्हणून सोबत नेतात.

आता हिंसेचा मुद्दा. पुस्तकात ती आहे, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अरण्यात बिल्बो महाकाय कोळ्यांवर तलवार चालवतो. शेवटी मोठी लढाई होते. पण आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार शिकवतात ना? आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, संकल्पी मात्र टाळायचीच. कोळ्यांनी त्याच्या सोबत्यांना जाळ्यात गुंडाळून टांगलं होतं, तिथे ती विरोधी हिंसा. पण त्याआधीचा प्रसंग बघा. अंधाऱ्या भुयारात गॉलम नावाचा जीव वाट अडवून बसलाय. बिल्बोच्या बोटात अदृश्य करणारी अंगठी आहे, हातात तलवार आहे. एक घाव, की वाट मोकळी. आणि त्याच्या मनात येतं, की याच्याकडे शस्त्र नाही, याने मला अजून मारायला हात उचललेला नाही. त्या ओल्या काळोखात वर्षानुवर्षं एकट्याने काढायची म्हणजे काय, हे त्याला क्षणभर दिसतं. मारायचं ते राहतं बाजूला आणि तो गॉलमच्या डोक्यावरून उडी मारून निघून जातो.

गंमत म्हणजे १९३७च्या पहिल्या आवृत्तीत हा क्षण नव्हताच. तिथे गॉलम कोड्यांच्या पैजेत हरतो, निमूटपणे वाट दाखवतो, प्रकरण मिटतं. ही करुणा टॉल्किन यांनी नंतर लिहिली आणि ती १९५१च्या आवृत्तीत आली. आज या पुस्तकाचं वेड असलेल्या कुणालाही विचारा, बहुतेक जण हीच उडी सांगतील. मेघकुमाराच्या पूर्वजन्मीच्या हत्तीने पायाखाली आलेल्या सशासाठी अडीच दिवस पाय उचलून धरला, ही गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलाला ती उडी परकी कशी वाटेल? आणि ड्रॅगनला मारतो कोण? बिल्बो नाहीच, सरोवरावरच्या गावचा बार्ड नावाचा तिरंदाज मारतो. शेवटच्या लढाईत तर आपला नायक डोक्याला दगड लागून बेशुद्ध पडलेला असतो.

पण खरं सांगू? मला हे पुस्तक घरात हवंय ते स्माउगसाठी.

स्माउग सोन्याच्या ढिगावर झोपतो. शेकडो वाट्या, पेले, हार, रत्नं. यातलं त्याला काही घालता येत नाही, खर्च करता येत नाही, कुणाला देता येत नाही. बिल्बो त्यातला एक पेला उचलून नेतो. एकच! जाग आल्याबरोबर ड्रॅगनला ते कळतं आणि तो डोंगर हादरवून सोडतो. लेखक म्हणतात, उपभोगता येणार नाही इतकं ज्यांच्याकडे असतं, त्यांची कधीही न वापरलेली वस्तू गेली की ते असेच पेटतात. हे वाचताना नातीने विचारलं, “आजी, तो पेल्यातून पाणी पीत होता का?” नाही म्हटलं. “मग एवढा का चिडला?”

मैत्रिणींनो, बँकेच्या लॉकरमध्ये आपली जी तोड्यांची जोडी गेली पंधरा वर्षं पडून आहे, तिचं काय उत्तर द्यायचं? आपल्याला वजन ग्रॅममध्ये पाठ आहे. कुठल्या जावेकडे कोणता दागिना गेला, तेही पाठ आहे. दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण प्रवचन ऐकतो, परिग्रहपरिमाण व्रताची मर्यादाही काही जणी लिहून ठेवतात. पण ती आकडेवारी असते. स्माउगला बघितल्यावर मुलाला ते चित्र म्हणून कळतं. आपल्या रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहासाठी श्मश्रुनवनीताचं उदाहरण आहेच. ताक पिताना मिशीला लागलेलं लोणी साठवून त्याने तुपाचं मडकं भरलं आणि ते पलंगाच्या पायथ्याशी टांगलं. थंडीसाठी शेजारी शेकोटी होती. हे तूप विकून आपण मोठे होऊ, चक्रवर्ती होऊ, या स्वप्नाच्या भरात त्याने लाथ झाडली, मडकं फुटलं आणि तो जळून मेला. आपल्या आचार्यांनाही कल्पनेतली गोष्ट वर्ज्य नव्हती. आपल्या पुराणांतले आकाशगामी विद्याधर काय कमी अद्भुत आहेत?

हिशेबाच्या अंगाने तर हे पुस्तक मला फारच आवडलं. बी.कॉम. झाले तेव्हापासून करारपत्र दिसलं की मी वाचतेच. बुटके बिल्बोला लेखी करार देतात. नफा झालाच तर त्याचा जास्तीत जास्त चौदावा हिस्सा, प्रवासखर्च वेगळा, आणि वेळ आलीच तर अंत्यविधीचा खर्चही! पुढे स्वतः ड्रॅगनच त्याला विचारतो, की बाबा, तुझा हिस्सा तू नेणार कसा? गाडीभाडं, पहारेकरी, जकात, याचा विचार केलास का? निव्वळ नफा म्हणजे काय, हे ड्रॅगनला कळतं आणि आपल्याला कळत नाही.

सोनं हाती आल्यावर बुटक्यांचा राजा थोरिन बदलतो. ड्रॅगनने ज्यांचं गाव जाळलं, त्या लोकांनाही तो काही द्यायला तयार नाही. घरच्या वाटण्या बघितलेल्या बाईला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. बिल्बो काय करतो? थोरिनचा जीव ज्यात अडकलाय, ते सर्वांत मौल्यवान रत्न त्याने गुपचूप ठेवून घेतलेलं असतं. तो ते आपला चौदावा हिस्सा धरतो आणि लढाई टळावी म्हणून समोरच्या पक्षाला देऊन टाकतो. लपवलं ते योग्य होतं का, यावर मुलांशी जरूर वाद घाला, आमच्याकडे दोन संध्याकाळी चालला होता. घरी निघताना त्याला खूप काही देऊ करतात, तर तो एका तट्टावर मावतील अशा दोन लहान पेट्या घेतो, आणि पुढे त्यातलंही बरंचसं भेटींमध्ये वाटून टाकतो. वाटेत एल्फ लोकांच्या राजाला तो मोत्यांचा हार देतो, का, तर त्याच्या महालात अदृश्य होऊन राहताना आपण न विचारता त्याचं अन्न खाल्लं होतं म्हणून. अदत्त घेतलेल्याची एवढी बोच मी दुसऱ्या कुठल्या साहसकथेत वाचलेली नाही.

म्हणूनच या पुस्तकाच्या चाहत्यांचा एक प्रकार मला कळत नाही. चामडी बांधणीची आवृत्ती, सोनेरी कडांची आवृत्ती, नकाशे, अंगठ्या, पेले. टॉल्किन यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला भेट दिलेली पहिल्या आवृत्तीची प्रत २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात १,३७,००० पौंडांना गेली. घेणारा ती काचेत ठेवणार, उघडून वाचणार नाही. स्माउगच की हा! आमच्या घरची प्रत साधी, कागदी बांधणीची आहे. वाचून झाली की ती पाठशाळेच्या कपाटात जाईल.

तक्रार एकच. अख्ख्या पुस्तकात बायका नाहीत. बिल्बोच्या आईचं नाव तेवढं येतं. इतकं घर, इतकं कोठीघर, आणि बाई एक नाही! मुलींना हे आपणच दाखवून द्यावं.

वाचून दाखवताना प्रत्येक पानावर तात्पर्य काढू नका, मुलं पळून जातील. मांस भाजणाऱ्या राक्षसांच्या प्रकरणात नातीने स्वतःच नाक मुरडलं, मला काही बोलावं लागलं नाही. पुढे बेऑर्न नावाचा अस्वलाचं रूप घेणारा धिप्पाड माणूस येतो. शत्रूंशी तो फार क्रूर आहे, पण जनावरं पाळतो आणि ती खात नाही, शिकारही करत नाही. साय आणि मधावर राहतो. हे ऐकून नात टाळ्या वाजवत म्हणाली, “आजी, हा आपल्यातला!” मध आपल्याला चालत नाही, हे तिला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.