पुंगळी

पाना-पक्कड : साप्ताहिक सदर

गेल्या आठवड्यात माझी मोटार ट्रॅक्टरसारखी बोलायला लागली. बारा वर्षांची पेट्रोल गाडी, स्वभावाने शांत. त्या दिवशी मात्र किल्ली फिरवली आणि गल्लीतली दोन कुत्री उठून उभी राहिली. समोरच्या ओट्यावरून अहिराणीत प्रश्न आला, ‘‘भाऊ, इतला आवाज कसाले?’’ खाली वाकून बघितलं. मागच्या सायलेन्सरच्या पोटाला चार बोटं जातील एवढं भोक पडलं होतं.

हे भोक बाहेरच्या चिखलाने पडत नाही, आतून पडतं. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. गाडी धुळ्याला किंवा सुरतेला जाऊन आली तर नळी तापते आणि सगळी वाफ बाहेर पडते. पण माझी धाव घरापासून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून भाजीबाजारापर्यंत. सायलेन्सर कोमट होतो न होतो तोच इंजिन बंद. पाणी डब्यातच राहतं आणि पत्रा कुजतो. गाडी कमी चालवली म्हणजे ती जास्त टिकते, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे.

सुटा भाग आणायला दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या पोराने आधी दुसराच माल पुढे ठेवला. चकचकीत स्टीलचा, मनगट जाईल एवढ्या तोंडाचा. ‘‘काका, हाच टाका. पिकअप वाढतो. घरीच बसतो, दोन क्लॅम्पचं काम.’’ आत डोकावलो, तर या टोकाकडून त्या टोकाचा उजेड दिसत होता. बुलेटवाल्यांच्या भाषेत याला पुंगळी म्हणतात.

बुलेटचं प्रकरण कानाने समजून घेण्यासारखं आहे. तिला सिलिंडर एकच, आणि चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. हजार फेऱ्यांवर उभी असेल तर सेकंदाला आठ ठोके. म्हणून तर ते डुगडुग मोजता येईलसं वाटतं आणि काळजाशी जुळतं. चार सिलिंडरची मोटार तीन हजार फेऱ्यांवर धावताना हेच ठोके सेकंदाला शंभर होतात. ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांची एक सलग घरघर होते. मोटारीला पुंगळी लावली म्हणजे बुलेटचा रुबाब येतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्या हाती पिठाची गिरणी लागते.

सायलेन्सरचा डबा आतून रिकामा नसतो. त्यात कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, काहींत काचेच्या तंतूंचा कापूस. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परत फिरतात, मागून येणाऱ्या लाटांना भिडतात आणि एकमेकींचा जीव घेतात. हे डोकं लढवणाऱ्यांत हायरम पर्सी मॅक्सिम हा अमेरिकन इंजिनिअर होता. त्याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि तीच युक्ती इंजिनांच्या धुराड्यांना लावली. त्याचा बाप म्हणजे मॅक्सिम मशीनगनचा जनक, जो पुढे चांगलाच बहिरा झाला. बापाने उठवलेला आवाज लेकाने दाबला, असं घराणं विरळाच.

राहिला पिकअपचा मुद्दा. शर्यतीच्या गाडीत इंजिनापासून शेपटीपर्यंत सगळंच बदलतात, तिथे धुराची मोकळी वाट उपयोगी पडते. आपल्या घरगुती गाडीचा नुसता मागचा डबा बदलून हाती लागलीच ताकद, तर ती इतकी थोडी की मागच्या सीटवर पाहुणा बसला की संपली. आवाज वाढतो आणि कानाला वाटतं वेग वाढला. पैसे आवाजाचे घेतले जातात, पावती पिकअपची मिळते.

आणि कायदा? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० शेतीच्या ट्रॅक्टरसकट प्रत्येक वाहनाला चालू स्थितीतला सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ मध्ये, गाडीत परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच स्पष्ट केलं. राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त पुंगळ्या ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरवतात. फोटो छान येतो. पण ती पुंगळी ज्या दुकानातून आली, त्याचं शटर दुसऱ्या दिवशी उघडंच असतं. रोलर बुलेटवाल्या पोराच्या खिशावरून फिरतो, दुकानाच्या गल्ल्यावरून नाही.

मी दुकानातून जुन्याच्या मापाचा, त्याच बनावटीचा डबा मागून घेतला आणि घरी बसवला. हे काम घरी करण्याला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. फक्त गाडीखाली शिरण्याआधी एक गोष्ट पाळा. जॅक हा उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत तर तो डोळ्यांदेखत एका बाजूला रुततो. फरशीवर किंवा जाड फळीवर गाडी उचला, चासीखाली लोखंडी घोड्या लावा, गाडी हाताने हलवून बघा आणि मग आत जा. विटांची चळत म्हणजे घोडी नव्हे. वीट तडकते तेव्हा आधी कळवत नाही.

नळी गार असावी, पूर्ण गार. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल पाजून ठेवायचं. सकाळी पाना लावून एकदम जोर केला की बोल्टच तुटतो आणि दहा मिनिटांचं काम वेल्डरच्या दारात जातं. थोडं मागे, थोडं पुढे, असं लाडीगोडीने काढायचं. डबा टांगणारे रबर जुने असतील तर तेही बदला, त्यांना साबणाचं पाणी लावलं की आकड्यावर चढतात. सांध्यातलं गॅस्केट मात्र नवंच हवं. तिथे चार पैसे वाचवणाऱ्याला मी पुढचं सांगतो.

दिवाळीच्या पुढेमागे नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरली, की वारा कोणत्या बाजूचा आहे हे इथल्या माणसाला ठसक्यावरून कळतं. आपल्या नाकाला वाटतं, अपायकारक ते झोंबणारच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मात्र झोंबत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. सांधा गळका, काचा बंद, एसी चालू, मागे पेंगणारी मुलं. डोकं जड झालं तर आपण प्रवासाला दोष देतो. गळती पुढे, ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे असेल तर आणखी गंमत. बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं इंजिन उपाशी आहे, आणि गाडी पेट्रोल वाढवून घेते.

आवाजाचं घाटातलं गणित वेगळंच. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात वळणापलीकडचं दिसत नाही, ऐकावं लागतं. समोरून माणसांनी भरलेली जीप येते आहे हे तिचा हॉर्न सांगतो. पुंगळीवाल्याला स्वतःखेरीज कुणीच ऐकू येत नाही. आता सारंगखेड्याच्या यात्रेचा विचार करा. तिथे दत्तजयंतीला देशभरातून घोडे येतात. बुजलेल्या घोड्याच्या मागे एकदा उभं राहून बघा, पुंगळीची हौस तिथेच फिटते.

डबा बसला, क्लॅम्प आवळले. इंजिन चालू करून शेपटीच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर दाबून धरला आणि बायकोला सांध्यांजवळ कान द्यायला सांगितलं. एका जागी फुस्स आलं. पाऊण फेरी आवळल्यावर तेही थांबलं. ही तपासणी उघड्यावर करायची, बंद शेडमध्ये कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीबाजारातून परतलो, तर ओट्यावरून पुन्हा प्रश्न आला. ‘‘भाऊ, गाडी केव्हा नीट करताय? आज सकाळपासून तुमचा आवाजच नाही. म्हटलं, बंदच पडलेली दिसते.’’