अनुदान मंजूर झालं, आता हिशेब पहिल्या दिवसापासून

तुमचा संशोधन प्रकल्प मंजूर झाला, मनापासून अभिनंदन. तास, पेपर तपासणी आणि नॅकच्या फायली सांभाळून तुम्ही प्रस्ताव लिहिलात. आता कधी एकदा प्रयोगाला लागतो असं होणं साहजिक आहे. पण त्याआधी हिशेबाच्या चार गोष्टी मनावर घ्या.

हा पैसा तुमच्या नावावर आलेला नाही. तो संस्थेला मिळाला आहे. तरी मुख्य संशोधक म्हणून सही तुमची आहे, म्हणून जबाबदारीही तुमची. आणि हिशेब रखडला तर पहिली झळ तुम्हाला बसत नाही. ती बसते तुमच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या मुलामुलींना.

तुमचा पगार प्रकल्पावर अवलंबून नाही. जेआरएफची, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाची, फेलोशिप मात्र प्रकल्पाच्या हप्त्यातूनच निघते. केंद्राच्या प्रकल्पांत १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे, शिवाय घरभाडं. मागच्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. हप्ता अडला की फेलोशिप थांबते. लातूर-नांदेडहून येऊन पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीला घरमालक सवलत देत नाही. मेसचे पैसेही थांबत नाहीत. आणि शिकलेल्या पोरीला या वयात वडिलांकडे पैसे मागणं जड जातं. म्हणून हिशेबाला कारकुनी काम समजू नका.

पहिलं काम, मंजुरीपत्र नीट वाचा. एएनआरएफ असो, डीबीटी, आयसीएमआर की आयसीएसएसआर, प्रत्येकाच्या अटी थोड्या वेगळ्या असतात. कोणत्या हेडखाली किती रक्कम आहे, प्रकल्प कधी सुरू झाला मानायचा, अहवाल कधी द्यायचा, हे एका कागदावर लिहून काढा. तो कागद टेबलासमोर लावा. त्याची एक प्रत जेआरएफला आणि एक सहसंशोधकाला द्या.

दुसरं काम, अकाउंट्स विभागात जाऊन बसा. फोनवर भागवू नका. तिथल्या माणसांना तुमचा प्रकल्प काय आहे ते सोप्या शब्दांत सांगा. पैसा कोणत्या खात्यात येणार ते विचारा. केंद्राच्या अनेक योजनांत आता पैसा शून्य शिल्लक खात्यातून चालतो. तिथे मार्चअखेर खर्च न झालेली रक्कम आपोआप पुढच्या वर्षात हाताशी राहील असं गृहीत धरू नका. साध्या खात्यात रक्कम पडून राहिली आणि तिच्यावर व्याज मिळालं, तर ते व्याजही आपलं नाही. हिशेब पूर्ण झाल्यावर ते भारताच्या एकत्रित निधीत भरावं लागतं.

तिसरं काम, खर्चाची स्वतःची वही ठेवा. एक्सेल येत असेल तर एक्सेल, नाहीतर साधी दोनशेपानी वही. तारीख, कुणाला दिले, कशासाठी, कोणत्या हेडमधून, आता शिल्लक किती. एवढे रकाने पुरे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही वही अकाउंट्सच्या नोंदींशी ताडून पाहा. महिन्याची चूक दहा मिनिटांत सापडते. तीच चूक वर्षानं शोधायला बसलात तर आठवडा जातो.

आता खरेदीचं. उपकरणाची किंमत जुन्या कोटेशनवरून धरू नका. संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्के जीएसटीचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये बंद झाला. आता बहुतेक उपकरणांवर १८ टक्के धरावे लागतात. वाहतूक, बसवणी आणि वार्षिक देखभालही आधीच विचारा. वस्तू जेम पोर्टलवर आहे का, ते आधी पाहा. कोटेशनशिवाय किती रकमेपर्यंत खरेदी चालते, पर्चेस कमिटी कधी लागते, या मर्यादा बदलत असतात. प्रत्येक वेळी अकाउंट्सला विचारून घ्या.

कोटेशन टाळण्यासाठी एका खरेदीची चार छोटी बिलं करू नका. सरकारी नियमांत याला स्पष्ट मनाई आहे. नात्यातल्या माणसाच्या दुकानाचं कोटेशन आलं असेल तर ते नातं कमिटीला आधीच लेखी सांगा आणि निर्णयातून बाजूला व्हा. न आलेल्या मालाच्या बिलावर सही करू नका, मागणारा कितीही मोठा असला तरी. आलेली वस्तू त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवा.

एका हेडचे पैसे दुसऱ्या हेडला वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी मागा. खर्च करून मग पत्र लिहिलंत, तर तो खर्च नामंजूर होऊ शकतो. मग ती रक्कम कुणी भरायची, हा प्रश्न तुमच्यासमोर येतो.

मुलांबद्दल एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो. फेलोशिपमधला एक रुपयाही कुठल्याही कारणानं परत मागू नका. घरची, बँकेची, तुमच्या मुलांना शाळेत सोडण्याची कामं त्यांना सांगू नका. त्यांच्या रजा, हजेरी आणि मुदतवाढीचे कागद वेळेत पुढे पाठवा. हप्ता उशिरा येणार असं दिसलं तर त्यांना लगेच सांगा. संस्थेनं तात्पुरती रक्कम द्यावी म्हणून प्राचार्यांकडे तुम्ही स्वतः अर्ज करा. त्या मुलांना हेलपाटे घालायला लावू नका.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. सामान्य वित्तीय नियम २०१७ नुसार त्यानंतर बारा महिन्यांत यूसी द्यावं लागतं. पण ही शेवटची मुदत आहे. तिची वाट पाहिलीत तर तोवर मुलांनी काय खायचं? फेब्रुवारीतच बिलं गोळा करा. एप्रिलमध्ये खर्चाचं विवरणपत्र तयार करा आणि सीएची वेळ आधीच घेऊन ठेवा. मार्चएंडला उरलेले पैसे संपवायचे म्हणून नको त्या वस्तू घेऊ नका. उरलेली रक्कम परत करण्यात कमीपणा नाही.

कधी आजारपण येतं, कधी बदली होते, कधी निवृत्ती जवळ येते. सहसंशोधकाला फाइल कुठे आहे आणि हिशेब कुठवर आलाय, हे ठाऊक असू द्या. संस्था सोडणार असाल तर अनुदान देणाऱ्या संस्थेला आधी कळवा.

प्रकल्प संपला की शेवटचं यूसी, अंतिम अहवाल, उपकरणांची यादी आणि शिल्लक रकमेचा परतावा, ही चार कामं उरतात. ती सगळी पूर्ण झाल्याशिवाय प्रकल्प संपला असं समजू नका. जुना प्रकल्प लटकलेला असेल तर नवा मागताना अडचण येते.

तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. बहुतेकांचे हिशेब दुर्लक्षामुळे अडतात, लबाडीमुळे नाही. म्हणून या आठवड्यातला एक तास बाजूला काढा. मंजुरीपत्र घेऊन अकाउंट्समध्ये जा आणि जेआरएफलाही सोबत न्या. उद्या तीही मुख्य संशोधक होणार आहे. सरळ हिशेब कसा ठेवतात, हे तिला तुमच्याकडूनच शिकायचं आहे.