कापून टाका!

जुन्या गाडीचा नट गंजून बसला की गॅरेजात दोन शब्द हमखास ऐकू येतात : ‘कापून टाका.’ वाईट वाटते ते याचे, की पुष्कळदा हे शब्द मिस्त्रीचे नसतात. शेजारी घड्याळ बघत उभ्या राहिलेल्या मालकाचे असतात. माझे भांडण आहे ते या मालकाशी, म्हणजे आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या मंडळींशी.

आमच्या बेळगाव भागात गंजाला तोटा नाही. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, चोर्ला घाटातून गोव्याच्या फेऱ्या आणि तिथली खारी हवा! गाडी वरून चकाकत असते. खाली मात्र नट आणि बोल्ट एकजीव झालेले असतात. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. आट्यांमधली केसाएवढी फट तो ठासून भरतो. अशा वेळी पान्याला पाइप अडकवून लोंबकळणारा पहिलवान नट सोडवत नाही, बोल्ट पिळवटून मोडतो. मग कटर, मग ड्रिल, मग नवा पार्ट.

जाणता मिस्त्री काय करतो? आधी तारेच्या ब्रशने बाहेरचे आटे घासतो. फटीत शिरणारे पातळ तेल सोडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. मधूनच बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार ठोके, पुन्हा तेल. डब्ल्यूडी-४० चा फवारा मारून दोन मिनिटांत पाना लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की १९५३ साली अमेरिकेत ते द्रव्य तयार झाले ते धातूवरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जुना गंज फोडणारी तेले वेगळी मिळतात, आणि त्यांनाही वेळ लागतोच. नट पहिल्यांदा हलला की अनाडी माणूस आनंदाने तसाच फिरवत सुटतो. जाणता माणूस पाव फेरा सोडतो, थोडा परत आवळतो, तेल घालतो, पुन्हा सोडतो.

पान्याचेही तसेच. अँबॅसडरचे मूळ इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डमध्ये. तिचे जुने नटबोल्ट इंचातले. पद्मिनीचे मूळ इटालियन फियाटमध्ये, तिचे मिलिमीटरातले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना ‘बसतो की’ म्हणून लावतात. मोकळ्या नटाला एक वेळ चालेल; गंजलेल्या नटाचे कोपरे मात्र तो तीन-दशांश मिलिमीटरचा ढिलेपणा खाऊन टाकतो. त्यातून पाना बारा कोनांचा असला तर बघायलाच नको.

तेलाने भागले नाही तर उष्णता. तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. नट फुगला की गंजाची पकड सुटते. गरम नटाला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढले जाते. मारुती ८०० चे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून त्यातला पोलादी स्टड काढताना भोवतालचे हेड बेताने तापवणे उपयोगी पडते. पेट्रोलची टाकी, नळ्या, ब्रेक यांच्याजवळ मात्र ज्योत नेणाऱ्याला गॅरेजबाहेर काढावे. सडलेला सायलेन्सरचा क्लॅम्प खुशाल कापा, माझी हरकत नाही. हरकत आहे ती पहिला उपाय म्हणून कटर पेटवण्याला.

आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते. त्यासाठी चाकाजवळचे ब्लीडर निपल सोडावे लागते. ते गंजलेले असते, घाईत मोडते आणि नवा व्हील सिलिंडर घालायची पाळी येते. या भीतीने कित्येक ठिकाणी त्याला हातच लावत नाहीत. वरच्या डब्यात थोडे तेल ओतले की झाली सर्व्हिसिंग! मग घाट उतरताना ब्रेक तापतात, त्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. तेव्हा चूक कोणाची म्हणायची?

बिलावर पार्टचे तीन हजार लिहिले तर आपण मुकाट देतो. मजुरीचे तीनशे दिसले की ‘अहो, एक नट तर सोडवलात!’ तो एक नट न मोडता सोडवायला माणसाने दोन तास आणि वीस वर्षांचा हात खर्च केलेला असतो; पण त्याला आपल्या हिशेबात रकाना नाही. मोडून नवा घालण्यात फायदा आणि जपण्यात तोटा असा धंदा आपणच लावून दिला, आणि वर ‘आता पूर्वीसारखे मिस्त्री राहिले नाहीत’ म्हणून उसासे टाकतो. कसे राहतील? दहावीत गुण कमी पडलेल्या मुलाला ‘जाशील गॅरेजात’ अशी धमकी आपण घरात देतो. माझ्या शाळेतही पालक त्याच्यासमोर ती देतात. आमचे कन्नड मिस्त्री ‘स्वल्प तडीरी, सर’ म्हणतात. थोडे थांबा, एवढेच ते मागतात. त्यावर आपण दुसरे गॅरेज शोधतो.

दिवाळीनंतर कोणाची जुनी गाडी कामाला जाणार असेल तर ती आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवावी, तेलाला रात्रभर मुरू द्यावे, आणि बिलावर ‘नट सोडवणे’ अशी ओळ दिसली तर तिच्यावर घासाघीस करू नये.