काडीमोड झाला, हप्ता कुणाचा?

सेनगावसारख्या तालुक्यात बचत गटाचं कर्ज बाईच्या नावावर निघतं, पैसा मात्र बऱ्याचदा घरच्या शेतीत जातो. उद्या काडीमोड झाला, तर हप्ता कुणी भरायचा? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कर्जवाटणीचं कलमच नाही. ज्याची सही, त्याचं देणं! नुसत्या जामीनदार असलात तरी १८७२ च्या करार कायद्यानं बँक तुमच्या दारात येऊ शकते. नवऱ्यानं स्त्रीधन अडचणीत वापरलं, तरी ते परत करायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्येही सांगितलं. म्हणून मैत्रिणींनो, तडजोडीत कर्ज कोण फेडणार ते लिहून घ्या. पण तो कागद बँकेवर बंधनकारक नाही. तिथूनही आपलं नाव लेखी कमी करून घ्या. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला वकील मोफत मिळतो. मागायला लाजू नका.