काजूचं नाव कोणाचं?

दिवाळीच्या तोंडावर राळेगावच्या किराणा दुकानात काजू काचेच्या बरणीत दर्शनी बसतो. गोडंबी मागावी लागते. मग दुकानदार खालच्या कप्प्यातून पुडा काढतो आणि विचारतो, "घरी बाळंतीण हाय का, भाऊ?" यंदा मी नाही म्हणालो. मलाच खायची होती. तो पाहतच राहिला.

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या पोटातली बी. आणि बिब्बा आपल्या लेखी कशाला? रुतल्या काट्यावर चटका द्यायला, लिंबू-मिरचीसोबत दाराला टांगायला, नाहीतर दुसऱ्याच्या कामात घालायला. त्याच्या कवचातलं काळं तेल कातडीला लागलं की फोड येतात. बिब्बा उतला की माणूस आठवडाभर घरात. हेच तेल कपड्यावर लागलं तर धुऊन जात नाही, म्हणून धोबी त्याने खुणा करत. इंग्रजांनी त्याला 'मार्किंग नट' म्हटलं ते त्यामुळेच.

आजी बिब्बे घरीच फोडायची. हातांना राख, तोंड एका बाजूला, दगडावर बिब्बा धरून नेमका एक घाव. आम्हा पोरांना ओसरीच्या अलीकडे यायची बंदी. मूठभर गोडंबीला तिची दुपार जायची.

थंडी सरताना तिच्याकडे 'बिब्ब्याची फुलं' असत. ती फुलं नव्हेतच. तो फळाचा फुगलेला देठ, पिकून केशरी झालेला, ज्याच्या टोकाला काळा बिब्बा लटकतो. भाजून, उन्हात वाळवून आम्ही ती चघळायचो. गोड, थोडी तुरट. आमचे मनुके तेच. सांगलीकरांनी राग मानू नये.

पुढे कोकणात काजूचं झाड पाहिलं आणि थबकलो. वर बोंड, खाली बी, कवचात तसंच भाजणारं तेल. हा तर बिब्बाच! दोघं एकाच कुळातले; आंबा, पिस्ता आणि आपल्या जंगलातली चारोळीही त्यातलीच. काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इकडे आणला. युरोपातल्या औषधविक्यांना बिब्बा त्याआधीच ठाऊक होता. हृदयासारखा दिसतो म्हणून ते त्याला 'अ‍ॅनाकार्डियम' म्हणत. १७५३ साली लिनियसने हे नाव उचलून काजूला दिलं: अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले, म्हणजे पश्चिमेकडचा. बिब्ब्याच्या वाट्याला पुढे 'सेमेकार्पस' आलं, त्याचा अर्थ खुणेचं फळ. जुनं नाव शेपटीसारखं मागे राहिलं, सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम. पाहुण्याने यजमानाचं आडनाव लावावं आणि यजमानाची ओळख धोब्यावरून व्हावी, असा प्रकार.

हे सगळं मी दुकानदाराला उत्साहाने सांगितलं. त्याने पुडा तोलून माझ्या हाती दिला, बरणीतल्या काजूकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मंग गोडंबीचा भाव वाढवू म्हन्ता का?"