तिसऱ्या महिन्याचा अंक

अर्भकाच्या रक्तातील एका अंकावरून त्याच्या यकृताचे भवितव्य वर्तविणे म्हणजे दवाखान्यात बसून पत्रिका मांडणे होय, आणि असले भाकीत कानी घालून आईबापांचा धीर खचविण्याचा अधिकार डॉक्टरांना कोणी दिला, अशी हरकत सहृदय माणसे घेतात. तिच्यातील कळवळा खरा असला तरी पाया कच्चा आहे.

बिलिअरी अट्रेझिया या व्याधीत पित्तनलिका बुजून पित्त यकृतातच तुंबते, आणि सेंदाईच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली, आतड्याचा वळसा थेट यकृताच्या मुखाशी जोडण्याची शस्त्रक्रिया हाच पहिला इलाज ठरतो. पित्त वाहू लागले की नाही, याची साक्ष रक्तातील बिलिरुबिन देते. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत ज्यांचा हा अंक डेसिलीटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली उतरला, त्या मुलांपैकी शेकडा ८६ मुले दोन वर्षांच्या अखेरीस स्वतःच्याच यकृतावर जगत होती. ज्यांचा उतरला नाही, त्यांच्यापैकी शेकडा २०. आक्षेपक फसतात ते येथेच. उरलेली ऐंशी दगावली, असे ते धरून चालतात. वस्तुतः मोजले गेले ते मूळचे यकृत टिकणे, प्राण टिकणे नव्हे, आणि प्रत्यारोपणाने वाचलेले मूलही या हिशेबात न टिकलेल्यांतच जमा होते. शिवाय त्या वीसांनी अंकाला न जुमानल्याचा दाखला समोर असता त्याला फर्मान कोण मानील? तो आहे तजविजीची मुदत. यकृताचा तुकडा देणारा बहुधा आईबापांपैकीच एक. त्याच्या तपासण्या, पैशाची जुळवाजुळव, मुलाचे खुंटू पाहणारे वजन सावरणे, या साऱ्याला महिने लागतात, आणि हळुवारपणाच्या नावाखाली तेच महिने हिरावून घेणे ही कसली दया?

दुसऱ्या टोकाला नव्या चिन्हकांचे भाट आहेत. एमएमपी-७ या प्रथिनाची रक्तातील पातळी निदानाला मोठी मदत करते, हे निर्विवाद. परंतु आपल्याकडे मूल शस्त्रक्रियेला पोचते तेच पुष्कळदा उशिरा, कारण रेंगाळलेल्या काविळीवर 'कोवळ्या उन्हात धरा' एवढाच सल्ला मिळतो. तैवानने २००४ पासून बालकांच्या आरोग्यपुस्तिकेत विष्ठेच्या रंगांचे पत्रक घातले आणि पांढुरका रंग आईनेच ओळखावा अशी व्यवस्था केली. त्याला कोणती प्रयोगशाळा लागली? डायरेक्ट बिलिरुबिनची तपासणीही साधी व स्वस्त आहे. दोन आठवड्यांनंतरही पिवळ्या राहिलेल्या मुलाची ती झाल्याखेरीज उन्हाचा सल्ला कोणी चिठ्ठीवर लिहू नये.