बॉल त्याच्याकडे आलाच कुठे?

२०२२च्या उन्हाळ्यात मी निको कॉलिन्सला विकलं. विकलं म्हणजे आमच्या फँटसी लीगमध्ये. ह्यूस्टनमधले आम्ही बाराजण, त्यातले सात मराठी, दरवर्षी खोट्या टीम बनवतो आणि खरी भांडणं करतो. आमची लीग ‘डायनेस्टी’ प्रकारची. खेळाडू एकदा घेतला की वर्षानुवर्षं तुमचाच. त्यामुळे नवीन पोरगं पुढे काय दिवे लावणार, हे आधी ओळखण्यातच सगळी मजा. कॉलिन्सचं पहिलं वर्ष होतं ३३ कॅच, ४४६ यार्ड. ग्रेडही फ्रेम करून भिंतीवर लावावी अशी नव्हती. माझ्या एक्सेलमध्ये त्याची ओळ लाल झाली आणि मी त्याला काढून टाकलं.

घेतलं एका मित्राच्या बायकोने. “तू मॅच बघतोस की एक्सेल?” वहिनींनी विचारलं. “अरे, बॉल त्याच्याकडे आलाच कुठे?”

२०२३मध्ये कॉलिन्सने ८० कॅच, १,२९७ यार्ड आणि ८ टचडाउन केले. पुढच्या वर्षी टीमने त्याला ७ कोटी डॉलरहून मोठा करार दिला. वहिनी यावर आजतागायत काही बोललेल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली धक्काबुक्की वाटते, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, ठरलेल्या वाटेने धावत सुटतो आणि क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल झेलतो. या वाटेला रूट म्हणतात. प्रो फुटबॉल फोकस नावाची कंपनी प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेसाठी गुण देते, उणे २ ते अधिक २, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने. अपेक्षेइतकं केलंस तर शून्य. मग सगळ्याचा हिशोब होऊन ० ते १०० मधली एक ग्रेड येते.

कल्पना चांगलीच आहे, हे मी मान्य करतो. नुसते यार्ड फसवतात. क्वार्टरबॅकने बॉल प्रेक्षकांत फेकला तर त्यात रिसीव्हरचा काय दोष? ग्रेड तो दोष वेगळा काढायचा प्रयत्न करते. माझं भांडण आहे ते तिच्यावरून भविष्य सांगणाऱ्यांशी. सीझन संपला की याद्या फिरायला लागतात. पहिल्या वर्षी अमुक रेघेच्या वर असलेले पुढे स्टार झाले, खालचे गाळात गेले, तेव्हा खालच्यांना आत्ताच विका. सोबत जस्टिन जेफरसनचा फोटो असतोच.

पण जेफरसनसाठी ग्रेड हवी होती कुणाला? २०२०मध्ये, पहिल्याच वर्षी, त्याने ८८ कॅच आणि १,४०० यार्ड केले. माझ्या आईलाही कळलं असतं. २०२३मध्ये पाचव्या फेरीतल्या पुका नाकुआने १०५ कॅच, १,४८६ यार्ड करून रूकींचे दोन्ही विक्रम मोडले, तेव्हाही कुणी ग्रेड उघडून खात्री करत बसलं नाही. जिथे ग्रेड ठामपणे बोलते तिथे डोळ्यांना आधीच दिसलेलं असतं. आम्हाला मदत हवी असते ती मधल्या पोरांबाबत, आणि तिथे ती गप्प असते. या गप्प बसण्यालाच लोक ‘नाही’ समजतात. मीही समजलो.

रिसीव्हर साधारण पाच रूट धावतो तेव्हा एकदा बॉल त्याच्याकडे येतो. उरलेल्या चार वेळा तो मोकळा सुटला काय, अडकला काय, फारसं काही मोजण्यासारखं घडतच नाही. त्यात रूकीला खेळायला मिळणार कमी. म्हणजे माणसाच्या करिअरचा निकाल पन्नास-साठ बॉलवर.

आता कॉलिन्सचंच बघा. कोविडमुळे कॉलेजचं शेवटचं वर्ष तो खेळलाच नव्हता. आला ती टीम त्या वर्षी १७पैकी १३ मॅच हरली. पहिल्या तीन वर्षांत तीन हेड कोच झाले. तिसऱ्या वर्षी सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक आला आणि तोच कॉलिन्स ‘अचानक’ चांगला झाला. यातलं एकही माझ्या शीटच्या कुठल्या कॉलममध्ये नव्हतं.

“मग परिस्थितीचाही कॉलम टाक ना,” असं आमच्यातला एक म्हणतो. टाकला होता. डावांते अ‍ॅडम्सने तो पाडला. अ‍ॅडम्सला पहिल्या दिवसापासून आरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक होता, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. तरी २०१४मध्ये ४४६ यार्ड. (हो, कॉलिन्सइतकेच. मी हा आकडा तीनदा तपासला.) पुढच्या वर्षी जॉर्डी नेल्सन जखमी होऊन बाहेर बसला, अ‍ॅडम्सला भरपूर संधी मिळाली, आणि त्याने ४८३ यार्ड, एकच टचडाउन केला. घोटा दुखावलेला होता, हातातून बॉल सुटत होते, लोक त्याला वाटेल ते बोलत होते. २०२०मध्ये त्याच माणसाने १८ टचडाउन केले. माझं शीट त्याला दोनदा विकून मोकळं झालं असतं.

उलटंही होतं. ग्रेडच्या जमान्याआधी, २००४मध्ये, टँपाच्या मायकल क्लेटनने पहिल्या वर्षी ८० कॅच, १,१९३ यार्ड केले. त्यानंतर एकाही सीझनमध्ये त्याचे ५०० यार्ड झाले नाहीत.

आणि या याद्या ज्यांच्यावर उभ्या आहेत ते सगळे टिकलेले खेळाडू आहेत. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचं एक वर्ष वाया गेलं तरी टीम त्याला पुन्हा मैदानात पाठवते, कारण त्याच्यावर पैसा लागलेला असतो. सहाव्या फेरीतल्याला तेवढ्यावर घरी पाठवतात. मग पाच वर्षांनी कुणीतरी आलेख काढून सांगतं, बघा, कमी ग्रेडवाले पुढे गेलेच नाहीत. अरे, जाऊ दिलंत कुठे?

मला हे इतकं लागायचं एक कारण आहे, ते लपवत नाही. पहिल्या नोकरीत माझं पहिल्या वर्षाचं रेटिंग ‘ठीक’ आलं होतं. वर्षभरात मॅनेजर तीन झाले, आणि रेटिंग देणाऱ्या तिसऱ्याने माझ्यासोबत जेमतेम सहा आठवडे काम केलं होतं. पुढची दोन वर्षं चांगला प्रोजेक्ट कुणाला द्यायचा हा प्रश्न आला की तोच आकडा उघडायचा. मी त्या ऑफिसला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि घरी येऊन रविवारी संध्याकाळी कॉलिन्सची ओळ लाल केली.

गेल्या आठवड्यात लीगमधल्या एकाचा मेसेज आला. “तुझ्या त्या रूकीची ग्रेड बघितलीस का? देतोस का स्वस्तात?” मी विचारलं, त्याच्या किती मॅच बघितल्यास?

ब्लू टिक आली आहे. उत्तर अजून नाही.